टार सिंड्रोम: दोष आईच्या गोळ्यांचा नाही

हातात रेडियस हे मनगट-कोपरादरम्यानचे अंगठ्याच्या बाजूचे हाड नसलेले, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असलेले बाळ जन्मले की आईलाच विचारले जाते: गरोदरपणात कोणती गोळी घेतली? गरोदरपणातील मळमळीवर दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने 1960 च्या सुमारास अशीच व्यंगे झाली, तेव्हापासून हा संशय चिकटला आहे. पण ही दोन्ही लक्षणे एकत्र असणाऱ्या टार सिंड्रोम या जन्मजात आजारात तो निराधार आहे.

कारण जनुकीय आहे. गुणसूत्र 1 वरच्या आरबीएम8ए जनुकाची एक प्रत तुकड्यासह गळालेली असते आणि दुसरीत बहुधा तिचे काम मंदावणारा सौम्य बदल असतो. आईवडिलांपैकी एकाकडे गळती, दुसऱ्याकडे बदल असेल तर दोघेही निरोगी असतात. प्रत्येक गर्भाला टारचा धोका 25 टक्के. गळती बाळातच नव्याने झाली असेल तर पुढच्या गर्भाला तो खूपच कमी. म्हणून आईवडिलांचीही तपासणी करावी.

अंगठे नीट पाहा. टारमध्ये दोन्हीकडे रेडियस नसूनही अंगठे असतात. फॅन्कोनी ॲनिमिया या दुसऱ्या जनुकीय आजारात रेडियस नसेल तर अंगठाही सहसा नसतो. शंका असल्यास गुणसूत्र तुटण्याची चाचणी करावीच, कारण फॅन्कोनीत पुढे रक्त बनवणारी अस्थिमज्जा निकामी होते.

‘प्लेटलेट जन्मभर कमीच राहणार’ हेही खरे नाही. पहिली दोन वर्षे सर्वांत जोखमीची, मुख्यतः मेंदूतील रक्तस्रावामुळे. नंतर संख्या बहुधा वाढत जाते. तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे, लशीसाठी बारीक सुई वापरून जागा काही मिनिटे न चोळता दाबून धरावी. काही बाळांत गाईच्या दुधाने जुलाब होऊन प्लेटलेट आणखी घसरतात. अशांना ते बंद करावे.