‘हुशारी’ ते ‘रिचार्ज’: गेलेले बळ परत येण्याच्या शब्दांची पार्श्वभूमी

तापातून उठून मऊ भात आणि मेतकूट खाऊ लागलेल्या माणसाला घरातले वडीलधारे विचारतात, “आज जरा हुशारी वाटते का?” या प्रश्नाचा बुद्धीशी काहीही संबंध नसतो. फारसीत ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान. आणि ‘होशियार’ म्हणजे भानावर असलेला, सावध. मराठीत आल्यावर या शब्दाला दोन वाटा फुटल्या. शाळेत ‘हुशार’ म्हणजे बुद्धिमान असा अर्थ रूढ झाला, तर आजाऱ्याच्या खाटेशी जुना अर्थ तसाच टिकून राहिला. ग्लानी, ताप किंवा कडक उपास यांनंतर ‘हुशारी’ हा शब्द विशेष शोभतो, तो यामुळेच. कारण तेथे नुसते बळ नव्हे, तर मंदावलेले भान परत आलेले असते.

मराठीतल्या अशा बहुतेक शब्दांची गोष्ट हीच आहे. काय हरवले होते, याची खूण प्रत्येक शब्दाने आपल्या पोटात जपलेली असते आणि ती ओळखली की तो कोठे वापरावा हे फारसे शिकवावे लागत नाही.

फारसीतून आलेल्या शब्दांचा यात मोठा वाटा आहे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपवलेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले खरे, पण थकणे, धापा टाकणे आणि पुन्हा उठणे हा काही दप्तराचा विषय नव्हता. माधव त्रिंबक पटवर्धन यांनी 1925 मध्ये ‘फारशी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, तेव्हा हे शब्द इतके घरचे झालेले होते की त्यांचे मूळ सांगावे लागावे, याचेच सामान्य वाचकाला नवल वाटावे. ‘दम’ हा त्यांतलाच. फारसीत दम म्हणजे श्वास. चढावर दम लागतो, मग मनुष्य दम खातो. मात्र क्रियापद बदलले की शब्द भलतीकडे जातो: दम धरणे म्हणजे धीर धरणे, आणि दम देणे म्हणजे धमकावणे. नवशिक्याने ‘त्याला थोडा दम द्या’ असे म्हटले, तर विश्रांती बाजूलाच राहील.

‘ताजातवाना’ या जोडशब्दातला दुसरा भाग अनेकांना यमकासाठी जोडलेला वाटतो, पण तो निरर्थक नाही. फारसीत ‘ताजा’ म्हणजे नवा, टवटवीत आणि ‘तवाना’ म्हणजे समर्थ, सशक्त. हे दोन्ही भाग लिंगवचनाप्रमाणे बदलतात. ती ताजीतवानी झाली, तो ताजातवाना झाला आणि मुले ताजीतवानी झाली, असे लिहावे. ‘ती ताजेतवानी’ हे रूप कानाला खटकते, आणि खटकायलाच हवे.

संस्कृत-प्राकृताकडून आलेला गट निराळ्या प्रतिमा घेऊन येतो. ‘विश्राम’पासून झालेला ‘विसावा’ पंढरीच्या वाटेवर तर ठिकाणाचेच नाव होतो. पालखीच्या वेळापत्रकात मुक्कामांच्या जोडीने विसाव्याच्या जागाही दिलेल्या असतात. पण विसावा हा थांबण्याचा शब्द आहे, बळ परत आल्याचा नव्हे. दिवेघाट चढून आलेला वारकरी विसावा घेतो आणि मग त्याला तरतरी येते. ‘उभारी’ ही ‘उभा’ शब्दाच्या कुळातली आणि ‘उभा’ हा संस्कृत ‘ऊर्ध्व’ या शब्दापासून आलेला. म्हणून खचलेल्या मनाला, आडव्या झालेल्या पिकाला किंवा बसलेल्या बाजाराला उभारी येते, दुपारच्या झोपेने मात्र ती येत नाही. ‘कात टाकणे’ यातल्या ‘कात’चे मूळ ‘कृत्ति’ म्हणजे कातडे, जे शंकराच्या ‘कृत्तिवास’ या नावात आजही दिसते. शहराने कात टाकली, संस्थेने कात टाकली हे ठीक. परंतु चहाच्या कपाने कोणी कात टाकत नाही. ‘जिवात जीव येणे’ हेही थकव्यानंतरचे नसून भीतीनंतरचे आहे. हरवलेले पोर सापडले, की आईच्या जिवात जीव येतो.

येथे व्याकरणाची एक गंमत नोंदवावीशी वाटते. मराठीत ‘मला तरतरी आली’, ‘त्याला हुशारी वाटली’, ‘आजोबांच्या अंगात तकवा आला’ असे म्हणतात. बळ आपल्या पायांनी येते आणि मनुष्य फक्त ते येण्याची जागा असतो. ‘उभारी’ मात्र येतेही आणि धरताही येते.

अलीकडच्या भरतीत ‘ऊर्जा’ हा शब्द सर्वांत लबाड निघाला. वेदांतला ‘ऊर्ज्’ म्हणजे पोषण, बळ देणारा रस. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाने त्याला पदार्थविज्ञानाची संज्ञा केले, आणि आता तो ‘सकारात्मक’ हे विशेषण लावून पुन्हा माणसांच्या बोलण्यात शिरला आहे. भारतात मोबाईल सेवा 1995 मध्ये सुरू झाली आणि पुढे प्रीपेड कार्डांबरोबर ‘रिचार्ज’ हा शब्द घरोघर पोहोचला. सुटीवरून आलेले लोक आता स्वतःही रिचार्ज होऊन येतात. ‘फ्रेश’ने तर अर्थच आवरता घेतला आहे. प्रवासातून आलेल्या पाहुण्याला “फ्रेश व्हा” म्हटले, की तो न्हाणीघर कोठे आहे ते विचारतो. ताजातवाना तो बहुधा त्यानंतर, चहाच्या दुसऱ्या घोटाला होतो.