आधी सहवास, मग पाठवणी : ख्रिस्ती शिष्यघडणीची पार्श्वभूमी

येशूचे जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू डोंगरावर जातो, आपल्याला हवे त्यांना जवळ बोलावतो आणि बारा जणांची नेमणूक करतो. ही नेमणूक कशासाठी, हे मार्क एकाच वाक्यात सांगतो: त्यांनी आपल्याबरोबर असावे आणि आपण त्यांना घोषणा करण्यास पाठवावे. आज ज्याला शिष्यघडण किंवा 'मेंटॉरशिप' म्हणतात ती आणि ज्याला 'मिशन' म्हणतात ते, दोन्ही या वाक्यात एकत्र आले आहेत, आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. पुढच्या इतिहासात पाठवण्याची व्यवस्था वाढत गेली, सहवासाची जागा मात्र वारंवार आक्रसत गेली. त्यामुळे या विषयाचा मागोवा घेताना 'बरोबर' या साध्या शब्दावर नजर ठेवलेली बरी.

गुरूबरोबर राहून शिकण्याची रीत येशूने नव्याने काढली नव्हती. जुन्या करारातील संदेष्टा एलीया याने नांगर धरलेल्या अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकला आणि अलीशा त्याच्यामागे जाऊन त्याची सेवा करू लागला, ही कथा प्रत्येक यहुदी मुलाला ठाऊक असे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे यहुदी परंपरेच्या नियमसंग्रहात, पूर्वीच्या ज्ञात्यांची वचने आहेत. ज्ञानी लोकांच्या पायांच्या धुळीत बस, असे त्यांतले एक वचन सांगते. पुढे ख्रिस्ताचा प्रेषित झालेला पौलही आपण यहुदी शास्त्रगुरू गमलियेलाच्या चरणांशी शिकल्याचे अभिमानाने सांगतो. मात्र गुरू निवडण्याचे काम सहसा शिष्याचे असे आणि शिकायचे ते नियमशास्त्र. येशूच्या बाबतीत निवड गुरूने केली, आणि शास्त्राच्या जागी मध्यभागी तो स्वतः आला. आपल्याकडच्या गुरुकुलाशी याची तुलना सहज सुचते. पण गुरुकुलात शिष्य गुरूच्या घरी राहतो, आणि या गुरूला, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, डोके टेकायला जागा नव्हती.

हा सहवास प्रत्यक्षात किती दाटीचा होता, याची कल्पना एका वस्तूवरून येते. १९८६ मध्ये अवर्षणामुळे गालीलच्या सरोवराचे पाणी आटले, तेव्हा गिनोसरजवळच्या चिखलात पहिल्या शतकातील एक मासेमारी होडी सापडली. लांबी सुमारे आठ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, आणि अनेक जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली. ती येशूची होडी होती असे म्हणायला काहीच आधार नाही. तरी तशाच एखाद्या होडीत वादळ उठले असताना तो मागच्या बाजूला उशीवर झोपला होता आणि बाकीचे घाबरून त्याला उठवत होते, हा मार्कमधला प्रसंग त्या मापाच्या होडीत बसवून पाहावा. तिथे कोणाचे भय कोणापासून लपणारे नव्हते. त्यातच या बारा जणांत रोमी सत्तेच्या व्यवस्थेत जकात गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे रोमी सत्तेचा कडवा विरोधक, म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. लूक आणखी काही नावे देतो: मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना. या स्त्रिया बरोबर हिंडत होत्या आणि स्वतःच्या पैशांतून सर्वांचा खर्च चालवत होत्या. शिष्यत्वाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख पुष्कळदा तळटीपेत ढकलला जातो, ते योग्य नाही.

पाठवणीचा प्रसंग मार्कच्या सहाव्या अध्यायात येतो. जोडीजोडीने जायचे, भाकरी, झोळी, कमरेला पैसे, काही घ्यायचे नाही, ज्या घरी उतराल तिथेच गाव सोडेपर्यंत राहायचे. मार्क काठी नेऊ देतो, मत्तय आणि लूक तीही नेऊ देत नाहीत. हा फरक टीकाकारांना शतकानुशतके पुरला आहे. दोघांनी जाण्यामागे दोन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट सिद्ध होते हा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातील जुना नियम असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. झोळी नसल्याचा परिणाम मात्र व्यवहारातला होता: पाठवलेला माणूस यजमानाच्या ताटावर अवलंबून राहिला.

याहून महत्त्वाचे आहे ते परत आल्यानंतरचे. शिष्यांनी काय केले, काय शिकवले, ते सगळे येऊन सांगितले आणि येशूने त्यांना आधी एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले. इतकी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. पुढे नवव्या अध्यायात त्यांच्या हातून एका मुलातला अशुद्ध आत्मा निघत नाही, आणि घरी गेल्यावर ते त्याला बाजूला घेऊन विचारतात, "आम्हाला का काढता आला नाही?" त्याच अध्यायात वाटेत आपल्यात मोठा कोण यावर त्यांची भांडाभांडी झालेली आहे. काम सोपवणे, परत आल्यावर ऐकून घेणे, फसल्यावर चारचौघांत नव्हे तर घरात समजावणे, असा हा क्रम आहे. ही माणसे तयार झाल्यावर पाठवली गेली, असे शुभवर्तमाने कुठेच म्हणत नाहीत. हा सहवास साडेतीन वर्षांचा होता असे नेहमी सांगितले जाते, पण तो हिशेब योहानकृत शुभवर्तमानात आलेल्या वल्हांडण या यहुद्यांच्या वार्षिक सणांवरून मांडलेला आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांत त्याच्या सेवाकार्यातला एकच वल्हांडण येतो.

मत्तयाच्या शेवटी आलेल्या आज्ञेत मूळ ग्रीक वाक्याचे मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे. 'जा' हे त्याला जोडून आले आहे. पहिल्या पिढीने ते तसेच घेतलेले दिसते. आरंभीच्या मंडळीतला बर्णबा तार्सास जाऊन पौलाला शोधून आणतो आणि अंत्युखियात वर्षभर दोघे मिळून शिकवतात; शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा तिथेच पडले. पुढे मार्क नावाचा त्यांचा सोबती अर्ध्या प्रवासातून परतला म्हणून पौल त्याला पुन्हा नेण्यास नकार देतो आणि बर्णबा त्याला घेऊन वेगळा निघतो. त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात लिहिलेले सापडते. बर्णबाचे एकही पत्र नव्या करारात नाही, पण या दोन माणसांना त्याने सांभाळले.

तिसऱ्या शतकाच्या सुमारास रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या मंडळीच्या नियमांत बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे, आणि उमेदवार मनापासून झटत असेल तर काळ न मोजता त्याचे वर्तन पाहावे अशी सवलतही आहे. त्याला आणणाऱ्या माणसाला त्याच्याविषयी साक्ष द्यावी लागे. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाला, लोक लोंढ्याने येऊ लागले आणि पुढे ही पद्धत आखडत गेली. एकट्या माणसाने एका वडीलधाऱ्याजवळ राहून शिकण्याची रीत मग इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांकडे टिकली. 'मिसिओ' म्हणजे पाठवणे हा लॅटिन शब्द तोवर देव पुत्राला आणि आत्म्याला पाठवतो या अर्थाने धर्मशास्त्रात वापरात होता. धर्मप्रसारासाठी दूर पाठवणे हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाच्या लोकांनी दिला.

महाराष्ट्रात या शब्दाचे जे झाले ते लक्षात घेण्याजोगे आहे. १२ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले, १८३१ मध्ये ते अहमदनगरला पोहोचले. हळूहळू मराठीत 'मिशन' म्हणजे एक ठिकाण झाले: मिशनचा बंगला, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना. जाण्याचा शब्द कुंपणाच्या आत येऊन बसला. त्या कुंपणात शिक्षण आणि औषध मिळाले, हे कोणी नाकारणार नाही. पण पगार देणारे मिशनरी आणि पगार घेणारा उपदेशक असे नाते झाले की 'बरोबर असणे' अवघड होते.

ही अडचण कवी नारायण वामन टिळकांना फार आतून कळली होती. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी कवितेवर गप्पा मारल्या, नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे म्हटले. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर बावीस वर्षे मिशनच्या चौकटीत, मुख्यतः नगरला, शिकवून आणि लिहून झाल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका बंधुमंडळात बसता यावे, ही त्यामागची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले, तेव्हा दरबाराला जेमतेम दोन वर्षे होत आली होती.