गाडीचा वेळ आणि माणसाचा वेळ

शहरातल्या गाड्यांचे मार्ग बदलले की घोषणा होते, ‘प्रवास आता ५ मिनिटांनी जलद’. खोटं नसतं ते. फक्त ही ५ मिनिटं गाडीची असतात. गाडी सुटल्यापासून पोहोचेपर्यंतचा वेळ वेगळा आणि माणूस दाराला कुलूप लावून कामाच्या जागी टेकेपर्यंतचा वेळ वेगळा. पहिला घटला की दुसराही घटला, असं धरून आपण फसतो.

गाडीचा वेळ वेळापत्रकात छापलेला असतो. एखादा थांबा गाळला की ब्रेक लावणं, दारं उघडणं-मिटणं, पुन्हा वेग घेणं, सगळं वाचतं. त्या थांब्यावर उतरणारा मात्र पुढच्या स्टेशनवरून मागे चालत येतो. ती पायपीट वेळापत्रकात कुठेच दिसत नाही.

माणसाच्या वेळात फलाटावर उभं राहणंही येतं. समजा, दोन शाखा जंक्शनला मिळतात आणि पुढे शहरात दोन फाटे फुटतात. प्रत्येक शाखेवर ६ मिनिटांनी गाडी, एक डाव्या फाट्याची, पुढची उजव्या. म्हणजे आपल्या कामाची गाडी १२ मिनिटांनी. घड्याळ न बघता फलाटावर आलात तर सरासरी ६ मिनिटं थांबणं आलं.

आता मार्ग सुटे केले. आपल्या शाखेच्या सगळ्या गाड्या डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे. डावीकडे जाणारा खूश, त्याला सरासरी ३च मिनिटं थांबायचंय. उजवीकडे जाणाऱ्याची थेट गाडी गेली. त्याची थांबण्याची ३ मिनिटं, जंक्शनला जिना चढण्या-उतरण्याची २, दुसऱ्या गाडीची पुन्हा ३. झाली ८, म्हणजे २ मिनिटांचा तोटा.

पण मार्ग सुटे झाल्यावर जंक्शनबाहेर सिग्नलला एकमेकींची वाट बघत गाड्या खोळंबत नाहीत. म्हणून ६ऐवजी ४ मिनिटांनी गाडी सोडणं जमू शकतं. तेवढं जमलं, तर उजवीकडे जाणाऱ्याची २, २ आणि २ मिळून ६ मिनिटं होतात, जुन्या थेट गाडीइतकीच! गाड्या वेळेवर येण्याचाही फायदा आहेच. एक गाडी २ मिनिटांनी, पुढची १० मिनिटांनी अशा आल्या, तर दोन गाड्यांतलं अंतर सरासरी ६च राहतं. थांबणं मात्र ३ वरून ४ मिनिटांच्या वर जातं, कारण १० मिनिटांच्या त्या मोठ्या खंडात सापडणारे लोकच जास्त.

तरी थेट गाडी गेलेल्याची कुरकुर मला रास्त वाटते. फलाटावरचं मिनिट डब्यातल्या मिनिटापेक्षा जड जातं. वाहतूक नियोजनात ते साधारण दुप्पट धरायची पद्धत आहे. शिवाय मिळालेली बसायची जागा जंक्शनला सोडायची, ती कुठल्या हिशेबात धरायची?

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर हाच पेच आहे. उत्तरेकडून एजवेअर आणि हाय बार्नेटच्या शाखा येतात, पुढे शहरातून बँक आणि चेरिंग क्रॉस असे दोन मार्ग जातात, आणि कॅम्डेन टाउन स्टेशनला हे चारही एकमेकांत मिसळतात. मार्ग सुटे केले तर जास्त गाड्या सोडता येतील, हे तिथे कधीचं ठाऊक आहे. अडतं ते रुळांवर नाही. तेवढी माणसं एकदम गाडी बदलायला उतरली, तर कॅम्डेन टाउनच्या अरुंद बोळांत आणि जिन्यांवर मावायची नाहीत.