सहा हँडसेट, एकच फोन

कॉर्डलेस फोनचा तीन-चार हँडसेटचा संच घेणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "खालच्या खोलीतला हँडसेट उत्तम, वरच्या मजल्यावरचा मात्र बिघडलेलाच आला." तो बदलून आणला तरी नवाही तितकाच बिघडलेला निघतो. खरं तर दुकानात जाण्याआधी करून पाहण्यासारखी एक फुकटची चाचणी आहे. दोन्ही हँडसेटची अदलाबदल करायची. बहुतेक वेळा वरचा ‘बिघडलेला’ हँडसेट खाली येताच सुतासारखा सरळ होतो आणि खालचा गुणी हँडसेट वर जाऊन तुटक बोलू लागतो. दोष हँडसेटचा नव्हता, तो ठेवलेल्या जागेचा होता.

अशा संचाबद्दल लोक जे काही बोलतात, चांगलं आणि वाईट, त्यातलं बरंचसं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. हँडसेट चार असोत की सहा, फोन एकच असतो आणि तो म्हणजे बेस. टेलिफोनची तार फक्त बेसला जोडलेली असते. बाकीचे स्टँड म्हणजे नुसते चार्जर. त्यांना विजेचा प्लग पुरतो, फोनच्या तारेशी त्यांचा काही संबंध नाही. तरी दुसऱ्या स्टँडला फोनची वायर कुठे लावायची हे शोधत बसणारे ग्राहक भरपूर असतात. त्यांना हसण्याचं कारण नाही, कारण दिसायला दोन्ही स्टँड जवळजवळ सारखेच.

एकच फोन असण्याचा एक फायदा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या पद्धतीत एकाच लाइनवर चार-पाच वायरचे फोन समांतर जोडले, तर घंटा क्षीण व्हायची. एक्स्चेंजकडून येणारा घंटेचा प्रवाह सेकंदाला साधारण २० ते २५ आवर्तनं करणारा असतो. प्रत्येक फोन त्यातला आपला वाटा उचलायचा आणि लाइनची ताकद तोकडी पडायची. कॉर्डलेस संचात हा भार एकटा बेस उचलतो. बेस हँडसेटना घंटेचा आवाज पाठवत नाही, ‘फोन आलाय’ एवढा निरोप रेडिओवरून देतो. घंटा प्रत्येक हँडसेट स्वतःच्या बॅटरीवर वाजवतो. "सगळे हँडसेट एका सुरात वाजत नाहीत, मागेपुढे वाजतात" या तक्रारीचं मूळही इथेच आहे. निरोप मिळाल्यावर जो तो आपापली धून सुरू करतो.

आता रेडिओकडे वळू. बिनतारी घरगुती फोनच्या कल्पनेचं एक सुरुवातीचं पेटंट अमेरिकेतल्या जॉर्ज स्वाइगर्ट यांना १९६९ साली मिळालं. पुढे बाजारात आलेले पहिले कॉर्डलेस फोन अ‍ॅनालॉग होते. बोलणं रेडिओ लहरींवर जसंच्या तसं स्वार व्हायचं, त्यामुळे शेजाऱ्याचं संभाषण ऐकू यायचं. कधी तर एका घरच्या हँडसेटवर दुसऱ्या घरचा डायल टोन मिळायचा आणि बिल तिसराच माणूस तपासत बसायचा. नंतर २.४ गिगाहर्ट्झचे फोन आले, पण मायक्रोवेव्ह ओव्हन आणि वायफायही त्याच पट्ट्यात. ओव्हन सुरू झाला की फोनवर गोंगाट सुरू.

आजचे बहुतेक संच ‘डेक्ट’ नावाच्या मानकावर चालतात. डिजिटल एन्हान्स्ड कॉर्डलेस टेलिकम्युनिकेशन्स हे त्याचं लांबलचक नाव. युरोपच्या ‘एत्सी’ या मानक संस्थेने ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि युरोपात त्यासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवला गेला. अमेरिकेत २००५ मध्ये १९२० ते १९३० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला आणि तिथले फोन ‘डेक्ट ६.०’ या नावाने विकले जाऊ लागले. हा ६.० आकडा निव्वळ जाहिरातदारांचा. बाजारात आधी ५.८ गिगाहर्ट्झचे फोन होते, त्यांच्यापेक्षा आपला आकडा मोठा दिसावा एवढंच. लहरी मात्र १.९ गिगाहर्ट्झच्याच, आणि ते चांगलंच आहे, कारण कमी वारंवारतेच्या लहरी भिंतीतून त्या मानाने बऱ्या जातात.

डेक्टची खरी गंमत वेळेच्या वाटणीत आहे. १० मिलिसेकंदांची एक चौकट धरायची आणि तिचे २४ तुकडे करायचे. १२ तुकड्यांत बेस बोलतो, १२ तुकड्यांत हँडसेट. एक तुकडा जेमतेम ४१७ मायक्रोसेकंदांचा. तुम्ही फोनवर सलग बोलत असता, पण हँडसेट तुमचा १० मिलिसेकंदांचा आवाज ३२० बिटांत आवळतो, आपला तुकडा आला की एका दमात फेकतो आणि गप्प बसतो. दुसऱ्या एका तुकड्यात पलीकडचा आवाज ऐकतो. म्हणजे रेडिओ प्रक्षेपण वेळेच्या २४ भागांपैकी एकाच भागात चालतं. युरोपातल्या फोनची कमाल शक्ती २५० मिलिवॅट असली तरी बोलतानाची सरासरी १० मिलिवॅटच्या आसपास येते. इवल्याशा बॅटरीवर तासन्‌तास गप्पा होतात त्या या काटकसरीमुळे.

युरोपीय पट्ट्यात अशा १० वारंवारता आहेत. दहाला बाराने गुणलं की १२० जोडमार्ग होतात. दाट वस्तीच्या इमारतीत घरोघरी बेस असूनही ते एकमेकांवर का आदळत नाहीत, याचं उत्तर या आकड्यात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं की कुणी कुठला मार्ग घ्यायचा हे कुठल्याही कार्यालयातून ठरत नाही. हँडसेट स्वतःच सगळे मार्ग ऐकत राहतो, शांत दिसेल तो पकडतो, आणि बोलता बोलता तिथे गडबड वाढली तर दुसरा मार्ग आधी जोडून मगच पहिला सोडतो. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अ‍ॅनालॉग फोनवर चॅनेल बदलायचं बटण दाबत बसलेल्या ग्राहकाला नवा संच ‘शांत’ वाटतो, तो यामुळे.

मग वरच्या मजल्यावर काय होतं? डब्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. मोकळ्या मैदानात, मध्ये काही नसताना तेवढं अंतर मिळू शकतं. घरात साधारण ५० मीटर धरतात आणि तेही भिंतींच्या मर्जीवर. या लहरींची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर असते. सळयांचं काँक्रीट, फ्रीज, धातूचं कपाट, आरशामागचा चकचकीत मुलामा या साऱ्यांवरून त्या परावर्तित होतात, तर पाण्याच्या टाकीत आणि माणसाच्या अंगात शोषल्या जातात. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून उलटून आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी खोडून काढतात. खोडल्या जाणाऱ्या जागांमध्ये अंतर असतं अर्ध्या लहरीएवढं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरचं. म्हणून आवाज तुटला की एक पाऊल सरकल्यावर, नुसती मान वळवल्यावरही तो परत येतो. अनेक बेसमध्ये दोन अँटेना असतात त्याही याचसाठी. एक अशा खड्ड्यात सापडली तरी दुसरी बाहेर असते.

जुन्या फोनची आठवण काढणारे म्हणतात, "तो खरखरायचा, पण चालायचा." अगदी खरं आहे. अ‍ॅनालॉगमध्ये रेंज हळूहळू जाते आणि खरखर तुम्हाला आधीच सावध करते. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग काही बिट हरवतात, शब्द गिळले जातात आणि संपर्क तुटतो. लोकांना हे अचानक बिघडल्यासारखं वाटतं.

यावर सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे फोनची लांब वायर. भिंतीतला सॉकेट बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात असतो, म्हणून बेसही तिथेच बसतो आणि त्याच्या रेंजचं निम्मं वर्तुळ घराबाहेर वाया जातं. बेस घराच्या मध्याजवळ, जरा उंचावर आणि टीव्हीपासून दूर ठेवला तर फरक कळतो. रिपीटर (रेंज पुढे वाढवणारं उपकरण) विकत घेण्याआधी हे करून पाहावं, असं माझं मत. आणखी एक बारकावा असा की दोन हँडसेटमधलं इंटरकॉमही बेसमार्फतच चालतं. शेजारशेजारच्या खोल्यांतले दोन हँडसेट बेसपासून लांब असतील, तर मधली भिंत कितीही पातळ असो, ते एकमेकांशी बोलणार नाहीत.

आवाजाबद्दलची नाराजी निराळी. डब्यावर ‘एचडी’ असतं, घरातल्या घरात इंटरकॉमवर आवाज खरोखर भरीव येतो, पण बाहेरचा फोन तसाच चपटा. साध्या लँडलाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांचा फरक बराचसा त्याच्या वरच्या वारंवारतांत असतो आणि त्या वाटेतच गळून जातात. हँडसेट कितीही महाग घ्या, गळलेलं परत येत नाही. इंटरनेटवरून चालणारी लाइन असेल आणि पलीकडचा फोनही त्या तोडीचा असेल, तरच एचडीला अर्थ आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना कधी कधी हलकी गुणगुण ऐकू येते. १० मिलिसेकंदांची चौकट सेकंदात १०० वेळा येते आणि ती १०० हर्ट्झची धडधड यंत्रातल्या सर्किटमध्ये शिरते. "घाईने उचलला तर नंबर दिसत नाही" हीसुद्धा नेहमीची तक्रार आहे. अनेक देशांत फोन करणाऱ्याचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या शांततेत पाठवला जातो, तेव्हा थोडा धीर धरावा.

सगळ्यांत जास्त बोलणी खाते ती बॅटरी. "फुल दाखवतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो." हँडसेटमध्ये बहुधा ट्रिपल-ए मापाचे दोन निकेल मेटल हायड्राइड सेल असतात. सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) जवळजवळ सगळा काळ १.२ व्होल्टच्या आसपास राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे दाबावरून उरलेला साठा सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळा, वाढतो. चार्ज करताना दाब भराभर चढतो आणि फोनला वाटतं की भरलं. बोलायला लागलं की प्रक्षेपणाच्या प्रत्येक झटक्याला दाब खाली बसतो आणि फोनला वाटतं की संपलं. दोन्ही वेळा फोनची फसगत होते. अशा वेळी नवा संच घेणारे पाहिले की हळहळ वाटते, कारण दोन सेल बदलले की काम भागतं. मात्र सेल पुन्हा चार्ज होणारेच हवेत. साधे अल्कलाइन सेल टाकून हँडसेट स्टँडवर ठेवला तर ते गळू शकतात, फुटूही शकतात.

"हँडसेट सतत स्टँडवर ठेवू नका, बॅटरीला सवय लागते" हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या जमान्यातला. आताच्या सेलमध्ये तो परिणाम फारसा नसतो. त्यांना खरा त्रास उष्णतेचा होतो, म्हणून स्टँड उन्हात किंवा गरम उपकरणावर नसावा. स्टँडवर ठेवूनही चार्ज होत नसेल तर आधी धातूच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. हाताचा तेलकटपणा तिथे साचतो.

संचातल्या एकाच हँडसेटची बॅटरी लवकर उतरते असं कुणी म्हणालं, की तो कुठे ठेवला आहे हे विचारावं. एरवी हँडसेट झोपलेला असतो. बेस सतत आपली खूण प्रक्षेपित करत असतो आणि हँडसेट ठरलेल्या क्षणी डोळे किलकिले करून ती पाहतो. पण रेंजच्या काठावर खूण सापडत नाही आणि तो जागाच राहून शोध घेत बसतो. म्हणजे वरच्या मजल्यावरचा तो हँडसेट आवाजही तुटक देतो आणि बॅटरीही खातो. बेसची खूण पूर्ण बंद करणारा ‘इको’ प्रकार काही संचांत असतो. त्यातही हँडसेटला जास्त वेळ कान देऊन राहावं लागतं, तेव्हा बेसकडची बचत थोडीफार हँडसेटच्या बॅटरीतून वसूल होते.

वीज गेली की संच मुका होतो, हा अनुभव नव्या ग्राहकाला चकित करतो. हँडसेट चार्ज केलेला असतो, पण बेसचा अडॅप्टर बंद. जुना वायरचा फोन एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणून तांब्याच्या लाइनवर तो एक जवळ असावा. फायबरवरून फोन येत असेल तर त्याचाही उपयोग नाही. तिथे मोडेमलाच वीज लागते.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. २००८ च्या अखेरीस बर्लिनच्या एका संगणक परिषदेत संशोधकांनी डेक्टच्या गुप्तलेखनातल्या (एन्क्रिप्शनमधल्या) त्रुटी दाखवल्या, आणि काही फोन तर मुळात गुप्तलेखन वापरतच नव्हते असंही उघड झालं. पुढे मानकात अधिक भक्कम पद्धती आल्या. फार जुना संच असेल तर त्यावर बँकेचे तपशील न सांगितलेले बरे.

राहिला प्रश्न जादा हँडसेटचा. ‘गॅप’ नावाच्या समाईक नियमामुळे दुसऱ्या कंपनीचा हँडसेटही अनेकदा बेसवर नोंदवता येतो. घंटा वाजते, बोलता येतं. पण सामायिक फोनबुक, बेसवरचे ध्वनिमुद्रित निरोप, मेनू या गोष्टी बहुधा चालत नाहीत. म्हणून वाढीव हँडसेट त्याच मालिकेतला घेणं शहाणपणाचं. खंड बदलला तर गॅपही कामाचा नाही. अमेरिकी हँडसेट १९२० मेगाहर्ट्झच्या वर ऐकतो, युरोपीय बेस १९०० च्या खाली बोलतो, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. आणि पूर्ण अमेरिकी संच युरोपात चालू केला, तर तो नेमका मोबाइल फोन टॉवरशी ज्या पट्ट्यात बोलतात त्यात घुसतो. तिथे तो वापरणं बेकायदा आहे.