खाली रुंद, वर अरुंद : जुन्या फायरप्लेसमध्ये बंद शेगडी बसवताना

जुन्या विटांच्या घरातील फायरप्लेसमध्ये लाकूड जाळणारी बंद शेगडी बसवायची ठरली, की पहिल्यांदा हातात येते ती मापपट्टी. कोनाडा किती रुंद, शेगडी किती रुंद आणि दोन-चार विटा काढल्या तर ती आत सरकेल का, एवढाच हिशेब मांडला जातो. तो आवश्यक असला तरी अपुरा आहे. कारण उघडी फायरप्लेस भरपूर हवा खाते, बंद शेगडीला मात्र मोजकीच हवा लागते, आणि म्हणून या कामात खालचे तोंड मोठे करावे लागते, तर वर धुराची वाट उलट लहान करावी लागते.

उघड्या विस्तवावरून जळणाच्या गरजेपेक्षा कितीतरी पट अधिक हवा चिमणीत ओढली जाते. ही हवा खोलीतली, म्हणजे आपणच तापवलेली असते, आणि तिची जागा भरायला दाराखिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येते. परिणामी लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम 10 ते 20 टक्के खोलीच्या वाट्याला येते. चांगल्या बंद शेगडीत हेच प्रमाण 70 ते 80 टक्क्यांपर्यंत जाते. हा फरक केवळ हवा अडवल्यामुळे पडत नाही. लाकूड मोठ्या प्रमाणात वायूच्या रूपात जळते : साधारण 200 ते 300 अंश सेल्सियसला त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा सुटू लागतात, आणि त्या पुरत्या जळण्यासाठी सुमारे 600 अंश तापमान लागते. उघड्यावर थंड हवेच्या माऱ्यामुळे त्यांतील बराचसा भाग न जळताच धूर होऊन निघून जातो, तर शेगडीच्या तापलेल्या पेटीत तो ज्वाळेच्या तावडीत सापडतो.

चिमणीचा गळा, म्हणजे विस्तवाच्या लगेच वरचा अरुंद भाग, आवळण्याची कल्पना मात्र नवी नाही. काउंट रम्फर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसन या शास्त्रज्ञाने 1796 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा गळा सुमारे चार इंचांवर आणावा, असे सुचवले होते.

आता खालच्या तोंडाकडे वळू. दिसणारा लहान कोनाडा हा पुष्कळदा मूळ कोनाडा नसतोच. भिंत बांधताना मोठी पोकळी सोडलेली असते, नंतर तिच्यात भाजक्या मातीची तयार पाठ बसवून मागची जागा विटांच्या तुकड्यांनी आणि मातीने भरलेली असते. ही पाठ आणि भराव काढला, तर भिंतीच्या मूळ बांधकामाला हात न लावताच हवी तेवढी जागा मिळू शकते, म्हणून सुरुवात येथूनच करावी. मूळ पोकळीही अपुरी पडली, तर प्रश्न लिंटेलचा, म्हणजे पोकळीवरच्या आडव्या तुळईचा, होतो. पोकळीवरील सगळे वजन लिंटेलवर येत नाही. विटा एकमेकींना धरून कमानीसारख्या वागतात आणि बराचसा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ढकलतात. बाजूच्या विटा काढताना आपण नेमका हाच आधार काढत असतो. अशा वेळी वरच्या बांधकामाला टेकू देऊन, नवे लिंटेल दोन्ही बाजूंना पुरेसे टेकवूनच काम करावे लागते आणि त्यासाठी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट असते. शेगडी भिंतींना घासून बसवणेही चुकीचे, कारण मागून आणि बाजूंनी हवा खेळली नाही, तर उष्णता खोलीत येण्याऐवजी भिंतीतच मुरते.

खरा गुंता आहे तो चिमणीत. नऊ इंच चौरस जुन्या चिमणीचे छेदक्षेत्र सुमारे 500 चौरस सेंटिमीटर असते. 150 मिलिमीटर व्यासाच्या नळीचे 177. म्हणजे शेगडीतून येणारा थोडासा वायू मोठ्या चिमणीत सोडला, तर तो जवळजवळ तिपटीने संथ चढतो आणि वाटेतच थंड होतो. चिमणीची ओढ निर्माण होते ती आतल्या गरम वायूच्या आणि बाहेरच्या थंड हवेच्या घनतेतील फरकातून. बाहेर 10 अंश तापमान असताना आठ मीटर उंचीच्या चिमणीत सरासरी 150 अंश असतील, तर ही ओढ सुमारे 32 पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) भरते; सरासरी 60 अंशांवर आली, तर 15. शेगडीला साधारण 12 पास्कल लागतात, शिवाय घर्षणाचा तोटा वेगळाच. वातावरणाच्या दाबाचा हा आठ हजारावा हिस्सा; स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखाही एवढी ओढ उलटवू शकतो.

थंड चिमणीचा दुसरा दोष पाण्याचा आहे. 20 टक्के ओलाव्याचे एक किलो लाकूड जाळले, की त्यातला ओलावा आणि हायड्रोजनच्या ज्वलनातून तयार होणारे पाणी मिळून 600 ग्रॅमच्या आसपास वाफ वर जाते. सुकलेले म्हणून आणलेले लाकूड एवढे पाणी देते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ही वाफ थंड विटांवर पाणी होऊन साचली, की सोबतच्या डांबरी वाफांचा चिकट थर बसतो, दरजांमधला चुना खराब होतो आणि पुढे तोच थर पेट घेऊ शकतो. म्हणून चिमणी झाडून घेतल्यावर तिच्यात स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडतात, भोवती बहुधा व्हर्मिक्युलाइटसारखे उष्णतारोधक भरतात आणि खाली पोकळीचे तोंड पत्र्याने बंद करतात.

कोनाड्याच्या आतल्या गिलाव्यासाठी जिप्सम वापरू नये. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेले पाणी असते. ते तापून निघून गेले, की गिलावा भुसभुशीत होऊन सुटतो. नळीच्या जोडांभोवतीही घट्ट सिमेंट भरू नये, तेथे उष्णतारोधक दोर वापरावा, कारण 300 अंशांनी तापलेली आठ मीटर लांबीची स्टीलची नळी जवळजवळ चार सेंटिमीटर वाढते.

शेगडीखालची फरशी अज्वलनशील हवी आणि ती दारापुढे आलेली हवी. इंग्लंडच्या नियमांनुसार दार बंद ठेवूनच वापरायच्या शेगडीपुढे किमान 225, दार उघडे ठेवूनही वापरता येणाऱ्या शेगडीपुढे 300 आणि बाजूंना 150 मिलिमीटर. तेथे पाच किलोवॉटहून मोठ्या शेगडीसाठी बाहेरून हवा आणणारी कायमची वाट आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्रही लागते.

सगळे जागच्या जागी बसले, तरी पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नये. ताज्या गिलाव्यातले पाणी एकदम वाफ झाले, तर ते वाट फोडून बाहेर पडते. म्हणून आधी गिलावा पुरेसा सुकू द्यावा आणि मग दोन-तीन दिवस मूठभर काटक्यांचा लहान जाळ करून दर वेळी शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी.