हिवताप परजीवीचे जनुकीय सर्वेक्षण

हिवतापाच्या (मलेरियाच्या) परजीवीच्या डीएनएतील क्षारकांचा क्रम वाचून औषधरोध, वाणांचे परस्पर नाते व त्यांचा प्रसार यांचा माग काढण्याची पद्धत. जगातील सु. ९४% रुग्ण आफ्रिकेत असल्याने (२०२३) या पद्धतीचा कस तेथेच लागतो. क्रमवाचनाची यंत्रे व ती चालविणारे तज्ज्ञ मात्र दीर्घकाळ मुख्यतः यूरोप-अमेरिकेत होते.

प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा जीनोम (संपूर्ण डीएनए-संच) ऑक्टोबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३डी७ या प्रयोगशाळेत वाढविलेल्या वाणावरून तो सिद्ध केला असून त्यात १४ गुणसूत्रे, सु. २.३ कोटी क्षारक-जोड्या व सु. ५,३०० जनुके आहेत. सु. ८०% क्षारक अ‍ॅडेनीन व थायमीन हेच असल्याने, एकाच शब्दाने भरलेल्या पानावर वाचताना ओळ चुकावी तसे तुकडे जुळविताना होते. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्सचा जीनोम २००८ मध्ये आला. ही जाती प्रयोगशाळेत सलग वाढविता येत नसल्याने तिचे काम मागेच राहिले.

नमुना : बोटाला टोचून काढलेले रक्ताचे दोन-तीन थेंब गाळण-कागदावर वाळवितात आणि आर्द्रताशोषक पुडीसह पिशवीत बंद करून पाठवितात. बर्फ लागत नाही, त्यामुळे दुर्गम आरोग्य केंद्रातूनही नमुना निघू शकतो. अडचण पुढे येते. तांबड्या पेशींना केंद्रक (डीएनएचा साठा) नसते, पण पांढऱ्यांना असते. एक मायक्रोलिटर रक्तात ८,००० पांढऱ्या पेशी (सूक्ष्मदर्शकावर परजीवी मोजताना हाच आकडा धरण्याची रीत आहे) आणि तितकेच परजीवी मानले, तरी एकूण डीएनएत परजीवीचा वाटा अर्ध्या टक्क्यालाही पोहोचत नाही. उरलेला सारा रुग्णाचा. यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला, ताजे रक्त सेल्युलोजच्या नळीतून गाळून पांढऱ्या पेशी काढणे. त्यासाठी शिरेतून काही मिलिलिटर रक्त घ्यावे लागते व गाळणी वेळेत व्हावी लागते. दुसरा, परजीवीचाच डीएनए निवडून वाढविणे. तिसरा, संपूर्ण जीनोमचा नाद सोडून मोजकी जनुके पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने) वाढवून तेवढीच वाचणे. कोणते औषध चालेल एवढाच प्रश्न असेल, तर तिसरा पुरेसा होतो आणि साधनांची वानवा असलेल्या ठिकाणी तोच टिकतो. घानात आक्रा व नाव्रोंगो येथील रुग्णांच्या नमुन्यांवर हातात मावणारे नॅनोपोर यंत्र वापरून देशातच असे वाचन करता येते, हे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. यंत्र स्वस्त झाले तरी अभिकारकांची आयात, शीतसाठा, अखंड वीज आणि निकालाचे विश्लेषण करणारी माणसे हे खर्च उरतातच. एकाच रुग्णात दोन-तीन वाण मिसळलेले असणे हे अतिप्रसाराच्या भागात नित्याचे असते. तेथे विश्लेषण अधिकच किचकट होते.

औषधरोधाचे उगमस्थान : सर्वाधिक वाद याच प्रश्नावर आहे. एखादे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) दोन प्रदेशांत सापडले, तर ते एकाकडून दुसरीकडे गेले की दोन्हीकडे स्वतंत्रपणे उपजले, हे त्याच्या आजूबाजूच्या डीएनएवरून ठरवितात : शेजारचा पट्टा सारखा असेल तर वंश एक, वेगळा असेल तर उगम वेगळा. क्लोरोक्वीनरोधाशी निगडित पीएफसीआरटी हे जनुक २००० मध्ये निश्चित झाले. त्याच्या शेजारपट्ट्यांवरून आफ्रिकेतील रोध आशियातून गेल्याचे दिसते. पिरिमेथामीन या औषधाला रोध देणाऱ्या तिहेरी उत्परिवर्तनाबाबतही २००४ मध्ये हेच निदर्शनास आले. त्यामुळे आर्टेमिसिनिन या आजच्या मुख्य औषधाच्या बाबतीत इतिहासाची तिसरी आवृत्ती निघेल, असा अनेकांचा अंदाज होता.

पश्चिम कंबोडियातील आर्टेमिसिनिनरोध २००८-०९ मध्ये नोंदला गेला. डिसेंबर २०१३ मध्ये त्याची खूण केल्च१३ या जनुकात सापडली. मेकाँग खोऱ्यात एकच वंश पसरला, की अनेक उगम होते? एका गटाच्या मते सी५८०वाय हे उत्परिवर्तन असलेला एकच वंश ईशान्य थायलंड, दक्षिण लाओस व व्हिएटनामपर्यंत गेला. दुसऱ्या गटाने अनेक स्वतंत्र उगम दाखविले. प्रथम अनेक उगम आणि मग २००८ च्या सुमारास उद्‌भवलेल्या, पिपराक्वीन या जोड-औषधालाही न जुमानणाऱ्या एका वंशाची सरशी, हा मध्यममार्ग पुराव्याला अधिक धरून वाटतो. (या वंशाला वृत्तपत्रांनी दिलेले ‘सुपर मलेरिया’ हे नाव शास्त्रीय नव्हे.) सी५८०वाय गयाना व पापुआ न्यू गिनीतही आढळले आणि दोन्हीकडे त्याचा उगम स्थानिक ठरला.

रुआंडातील मासाका येथे आर५६१एच हे उत्परिवर्तन सु. ७% नमुन्यांत असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तेच उत्परिवर्तन आग्नेय आशियातही आहे, पण शेजारपट्टा जुळला नाही. रोध आफ्रिकेतच उपजला होता. पुढे युगांडातून सी४६९वाय व ए६७५व्ही, तर एरिट्रियातून आर६२२आय यांच्या नोंदी आल्या. मासाकाचे नमुने २०१३–१५ मधील असल्याने रुआंडातील उगम त्याहून काहीसा आधीचा मानावा लागतो. बाहेरून येणारे रोधी परजीवी रोखून भागणार नाही, असा याचा धोरणात्मक अर्थ होतो.

एरिट्रियात आणखी एक घोळ आहे. तेथील काही परजीवींतून एचआरपी२ हे जनुकच गळालेले असल्याने त्याचे प्रथिन रक्तात शोधणारी झटपट चाचणी रुग्ण असूनही नकारात्मक येते. असे परजीवी प्रथम पेरूत नोंदले गेले (२०१०).

सहकार्य : मलेरियाजेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या २०२३ च्या संचात ३३ देशांतील २०,८६४ नमुने आहेत. नमुने बाहेर आणि श्रेयही बाहेर, ही आफ्रिकी संशोधकांची जुनी तक्रार रास्तच होती. २०१३ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी स्वतःचे जाळे उभारले.

भारत : क्लोरोक्वीनरोध प्रथम १९७३ मध्ये आसामातील कार्बी आंगलाँग भागात नोंदला गेला. पश्चिम बंगालमधील काही रुग्णांत केल्च१३ मधील आर५३९टी व जी६२५आर ही उत्परिवर्तने २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात फाल्सिपेरमचा भार प्रामुख्याने गडचिरोलीत आहे. गोव्यात व्हायव्हॅक्स अधिक. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे दक्षिण आशियातील हिवतापाच्या उत्क्रांतीवरील आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे एक केंद्र होते. व्हायव्हॅक्स यकृतात सुप्त राहून महिन्यांनी उलटतो, आणि उलटलेला परजीवी पहिल्यापेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळाही असू शकतो. त्यामुळे ताप उलटला की नवा डास चावला, याचा निवाडा केवळ क्रमवाचनावरून देता येत नाही.