छाटलेल्या मेपलच्या जखमेवर डांबर लावू नका

युरोप-अमेरिकेतील घरबागांत पांढरट कडांच्या पानांचा ‘ड्रमंडाय’ या वाणाचा नॉर्वे मेपल वृक्ष फार वाढला की, फांदी खोडालगत सपाट कापून जखमेवर डांबर किंवा रंग फासला म्हणजे ती कुजत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकी वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी करवतीने खोडे उभी चिरून दाखवून दिले की, झाड कुजलेला भाग बरा करत नाही, तर त्याभोवती आतून भिंती उभ्या करून तो कोंडून टाकते. लेपाने कूज थांबत नाही, उलट ओल आत अडकू शकते. फांदीच्या बुडाशी दिसणारा फुगीर, सुरकुतलेला कंगोरा हीच झाडाची खरी संरक्षक जागा असल्याने तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर काप घ्यावा आणि फांदी जाड असेल तर आधी खालून खाच पाडावी, नाहीतर साल सोलत खाली येते.

पांढऱ्या कडा नसलेले, निव्वळ हिरव्या पानांचे फुटवे मात्र दिसताक्षणी फुटल्या जागेपासून काढावेत. हरितद्रव्य अधिक असल्याने ते जोमाने वाढून चितकबऱ्या पानांच्या फांद्यांना झाकून टाकतात. वसंताच्या तोंडावर कापल्यास रस ठिबकतो. त्याने झाड सहसा मरत नाही, तरीही मोठी छाटणी पानगळीनंतर, ऐन हिवाळ्यापर्यंत उरकलेली बरी.